कोरड्या दप्तराच्या मोहिमेची हकीकत

श्रीकुलदैवत साक्ष. शके एकोणीसशे सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सरे, श्रावणमासी, आखाडा बाळापूरच्या शिवारात ओढ्याने बहुत उन्माद केला आणि मातुश्री मनकर्णाबाईसाहेबांनी त्यास कैसे नामोहरम केले, ते जैसे घडले तैसे लिहितो. तख्तांच्या लढाया लिहिणारे उदंड जाहले. भिजल्या दप्तराची दाद कोणी घ्यावी? ज्यास ही थट्टा वाटेल त्याने भिजलेले भूमितीचे पुस्तक चुलीपुढे वाळवून पाहावे, मग हसावे.

तर वैजनाथराव, हळदीच्या रानाचे धनी, यांची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, आणि कन्या राजनंदिनी, इयत्ता दहावी, तिची शाळा पलीकडे बाळापुरात. ओढ्यावरचा पूल मंजूर होऊन कैक पावसाळे लोटले, परंतु कागदावरून खाली उतरावयास तो राजी होईना. मग पाणी मांडीस लागले, शेवाळावर पाय सरकला आणि दप्तर बुडाले; वाळविले, तो पुन्हा बुडाले, आणि गणित विज्ञानास ऐसे चिकटले की कोणते कोणाचे कळेना. तेव्हा वैजनाथराव खवळले आणि भर ओसरीत फर्मान सुटले की, "आता आनखी एक डाव पुस्तकं खराब झाले का शाळा बंद. खुरपं घे अन् हळदीत चल. तसंबी निंदायला बाया मिळून न्हाई राहिल्या!" कन्या कणगीआड जाऊन रडली. बखर लिहितो म्हणून आम्ही काय दगडाचे? आमचेही डोळे भरून आले.

तेव्हा कन्येच्या मातुश्रींनी पदर खोचला. प्रथम पंधरा लिटर तेलाची रिकामी कॅन मोहिमेवर घेतली, विळ्याने तिचे डोके उडविले, पुस्तके मावतील ऐसे पाहिले आणि झाकण परत बसवून फटीत मेणबत्तीचे मेण ओतिले. आता पारख कैसी करावी? हळदकऱ्याच्या घरी पारख एकच. बुचातून आत मूठभर हळद भुरभुरली आणि कॅन हौदात दाबून धरिली. उघडून पाहतात तो हळदीचा लगदा! मेणाने ऐनवेळी दगा दिला आणि पहिला मुकाबला हातचा गेला.

मग मातुश्री जातीने वारंगा फाट्यास रवाना जाहल्या. तेथे तांड्यावरचे थावराजी, पंक्चरच्या दुकानाचे मालिक, चाकांच्या फौजेत मोठे मातबर. त्यांनी मसलत ऐकली, ट्रॅक्टरची एक म्हातारी ट्यूब ओढून काढिली आणि अर्ज केला की, "घे बाई. जी हवेला बाहीर जाऊ देत न्हाई, ती पान्याला आत काहून येऊ दील?" ऐसा शहाणपणाचा सल्ला दरबारी मुत्सद्द्यांस सुचेल तर शपथ! ट्यूबेचा हातभर तुकडा कापिला, एक तोंड सोल्युशन लावून चिकटविले, आत खताच्या पोत्याचे प्लास्टिक घातले, आणि दुसरे तोंड वेळूच्या काडीवर गुंडाळून रबराच्या पट्टीने करकचून आवळिले. पुन्हा मूठभर हळद, पुन्हा हौद. हळद कोरडी ठणठणीत! मायलेकी आनंदे नाचल्या, आणि त्या आनंदाच्या भरात आतली हळद झटकावी हे कोणाच्याही ध्यानी आले नाही.

दुसरे दिवशी ओढ्यात कन्या कमरेइतकी बुडाली, ट्यूब हातची सुटून वाहत चालली, बाभळीच्या फांदीस अडकली, ती ओढून काढिली. पाण्याचा थेंब आत नाही. परंतु वर्गात उघडिली, तो सारी पुस्तके पिवळीधमक! मुली फिदीफिदी हसल्या आणि "नंदे, हळद लागली की गं!" ऐसा गलबला जाहला. ती वार्ता बाजारात गेली, बाजारातून हट्टा गावास गेली, आणि वाटेत पुस्तके गळून नुसती हळद उरली. सांजवेळी हट्ट्याच्या आत्याबाई, वैजनाथरावांच्या थोरल्या भगिनी संगिताबाई, जीपगाडीने दाखल जाहल्या आणि कडाडल्या, "मला न सांगता पोरीला हळद लावली व्हय रे?"

खरा प्रकार कळताच वैजनाथरावांस संधी सापडली. म्हणाले, "बघा, पुस्तकं खराब झालेच न्हाई का? माझा शब्द म्हंजे शब्द. शाळा बंद."

कन्येचे तोंड उतरले. तेव्हा मातुश्री दारात उभ्या राहून बोलल्या, "खराब काहून? हळद लागली त्यायला. हळद लागल्यावर मोडत असतेत का? सांगा ओ वन्सं!"

आत्याबाई क्षणात फितूर जाहल्या. "मोडू नगं रे बाबा, लई वाईट असतंय ते. चार लोकं तोंडात शेण घालतेन."

वैजनाथराव अडचणीत आले, तरी अखेरचा वार टाकिला की, हळदीच्या अंगाने ओढा ओलांडू नये, ऐसा रिवाज आहे. "व्हय ना," मातुश्री म्हणाल्या, "एकलीनं वलांडू नये. मंग पाठराखीन म्हनून तुमीच जावा लेकीसंगं."

सकाळी धोतर वर खोवून, ट्यूब डोईवर घेऊन राव पाण्यात उतरले, आणि कन्या त्यांचे बोट धरून मागे. येणेप्रमाणे ओढा पराभूत, दप्तर कोरडे. पाठराखीण शाळेच्या फाटकापाशी पोहोचली, आणि तेथून लवकर हलेना. पोरगी वर्गात जाऊन बसेतो तिने फाटक सोडिले नाही, ऐसे पाहणारे सांगतात.