चिमाबाईंनी सातव्या चंद्राची सोयरीक पाहिली त्याची हकीगत

श्री. ज्याने आकाशी तारे लाविले आणि ते पाहावयास डोळे दिले, त्यास नमन. लेकरांचे कल्याण असो, आईबापांची बुद्धी ठिकाणी असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो.

त्या राज्यात एक डोंगरी किल्ला, किल्ल्याखाली पेठ, आणि पेठेत एकच चित्रपटगृह. किल्ल्याचे किल्लेदार त्र्यंबकराव, त्यांचे कुटुंब चिमाबाई, बाई मोठी करारी, आणि त्यांची एकुलती कन्या मंजुळा, हिला पंधरावे लागलेले. ऐसे असता पेठेत 'सातव्या चंद्राची सोयरीक' या नावाचा चित्रपट आला. परग्रहावरील राजपुत्र पृथ्वीवर उतरतो आणि येथील कन्येवर जीव जडवितो, ऐसे त्यातील कथानक. पेठेतील झाडून सारी पोरे तो पाहावयास उतावीळ जाहली, आणि मंजुळा तर जेवताना, वेणी घालताना तेच एक बोलू लागली, मग आईबापांत मोठी खळबळ उडाली. महाजन मल्हारशेट यांणी सभा भरविली आणि गर्जून बोलिले, "चुंबनं आहेत म्हणे त्यात! आपल्या पोरांनी हे पाहायचं? बंदीच घाला." त्यावर दुसरे म्हणाले, "पोरं मोबाईलवर नाही नाही ते पाहतात, इथं बंदी घालून काय साधणार?" ऐसा दोहीकडून गलका चालला, तेव्हा चिमाबाई उठोन उभ्या राहिल्या आणि पुसत्या जाहल्या, "तुमच्यापैकी पाहिला कोणी?" तो सारे एकमेकांकडे पाहू लागले. मग बाई बोलिल्या, "उद्या मी पाहून येते, मग सांगते."

दुसरे दिवशी दुपारचे खेळास बाई एकट्याच जाऊन बसल्या आणि डोळ्यांत तेल घालून सारा चित्रपट पाहिला. चुंबने दोन, तीही ओझरती. अंतराळातील जहाजास भोक पडोन आतील हवा निघोन जाते आणि माणसे तडफडोन मरतात, तो प्रसंग पाहोन बाईंनी स्वतःच खुर्चीचा हात घट्ट धरिला. शेवटी राजपुत्र निरोप घेतो तेथे बाईंचे डोळ्यांस पाणी आले, आणि त्यांणी ते लपविलेही नाही, कारण चित्रपट खरोखरच देखणा होता. परंतु मध्ये एक प्रसंग ऐसा की, कन्या झोपेत असता राजपुत्र तिचे मनगटात एक तेजस्वी मणी बसवितो, जेणेकरून ती कोठे जाते, कोणाशी बोलते, हे सारे त्यास घडोघडी कळावे. त्या वेळी सनई वाजते, चांदणे पडते आणि सारे प्रेक्षागृह 'अहाहा' करिते. तेथे बाईंचे कपाळी आठी पडली ती घरी येईतो उतरली नाही.

मग सभेत येऊन बाईंनी निवाडा सांगितला. "लहान पोरांना नेऊ नका, ते हवा जाण्याचं दृश्य त्यांना झोपू देणार नाही. तेरा-चौदाच्या पुढच्यांना खुशाल दाखवा, चुंबनांनी आभाळ कोसळत नाही. पण शेजारी तुम्ही बसा, आणि बाहेर आल्यावर त्या मण्याविषयी बोला. मला खटकलं ते तेवढंच." मल्हारशेट चकित होऊन म्हणाले, "मणी? त्यात वाईट ते काय? दागिनाच तो!" बाई म्हणाल्या, "म्हणूनच बोला म्हणते."

पुढे रविवारी बाई मंजुळेस घेऊन तोच चित्रपट पुन्हा पाहावयास गेल्या. पोर हसली, रडली, निरोपाचे वेळी आईचे पदरास नाक पुसती जाहली. बाहेर येऊन दोघी रसाचे गुऱ्हाळी बाकड्यावर बसल्या, आणि बाईंनी सहज पुसले, "मण्याचं कसं वाटलं ग तुला?" मंजुळा म्हणाली, "छानच की. किती काळजी त्याला तिची!" बाईंचे जिभेवर मोठे व्याख्यान आले होते, ते त्यांणी रसाबरोबर गिळिले आणि इतकेच म्हणाल्या, "तिला विचारलं होतं का त्यानं?" तेव्हा पोरीने हातातील पेला खाली ठेविला. मग हळूच म्हणाली, "आईसाहेब, रागावणार नाही ना? सरनोबतांचा रायाजी... त्यानं माझा मोबाईल हातातून घेऊन लोकेशन चालू करून ठेवलंय. मी कुठं आहे ते त्याला दिसतं. मैत्रिणीकडे गेले तरी विचारतो, न सांगता का गेलीस. उत्तर दिलं नाही तर चार-चार दिवस बोलत नाही. मला वाटायचं, प्रेम असंच असतं."

 बाईंनी आवाज न चढविता पुसिले, "तुला काय हवं आहे?" मंजुळा म्हणाली, "बंद करायचंय. पण तो रुसेल." बाई म्हणाल्या, "रुसू दे. रुसणं त्याचं, मोबाईल तुझा." तेव्हा पोरीने तेथेच, बाकड्यावर बसोन, आपले हाताने ते बंद केले. घरी हे वर्तमान ऐकोन त्र्यंबकराव संतापोन पागोटे चढवू लागले की आत्ता सरनोबतांकडे जातो, परंतु बाईंनी वाट अडविली आणि म्हणाल्या, "तो येईलच इथं, तेव्हा आपण दाराआड राहायचं. तिला गरज पडली तर ती हाक मारेल, मग तलवार घेऊन चला."

दुसरे दिवशी रायाजी दिंडीदरवाज्याशी आला आणि तावातावाने म्हणाला, "बंद का केलंस? माझ्यावर विश्वास नाही?" मंजुळा उंबऱ्यात उभी राहोन बोलिली, "तू मला विचारलं नव्हतंस. बोलायचं असेल तर बोल, पण माझ्यावर पहारा नको." त्याने आणखी दोन-चार शब्द टाकिले, हीही हटली नाही, मग तो पाय आपटीत गड उतरला. दाराआड किल्लेदार आणि किल्लेदारीण कान देऊन उभी होती. पोर आत आली, आईचे गळ्यात पडोन भरपूर रडली, आणि मग दोन भाकरी जेवली. महिना गेल्यावर पेठेत नवा चित्रपट आला, तेव्हा मंजुळा आपण होऊन म्हणाली, "आईसाहेब, या खेपेस तुम्ही आधी पाहू नका. बरोबरच जाऊ." बाईंनी लागलीच शाल घेतली.

तात्पर्य, चिमाबाईंनी चित्रपट स्वनेत्रे पाहिला, लेकीस दाखविला, पुसावयाचे तितकेच पुसिले, आणि लेकीने आपला गड आपण राखिला. जाहले वर्तमान ते ऐसे. सारे कुशल असो.