तावड्यांचा आडवा डोंगर

नवीन मराठी माणूस भेटला की तावडे नावाच्या आधी विचारतात, "उंची किती?" माझ्या नणंदेनं लाजत "पाच फूट तीन" सांगितलं, तर म्हणाले, "तुमची नव्हे हो, गावची! समुद्रसपाटीपासून!"

तावडे आइंडहोव्हनला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. जमिनीचे चढउतार संगणकात भरायचे आणि रेडिओच्या लहरी कुठे पोचतील, कुठे अडतील ते आधीच सांगायचं, ही त्यांची नोकरी. अशा माणसाला नशिबानं देश दिला तो पोळपाटासारखा. साध्या पुलाचा चढ लागला तरी ते सायकलवरून उतरून त्याच्याकडे कौतुकानं बघतात.

लॉकडाऊन लागला तशी मी इमारतीतल्या एकट्या माणसांचा बाजारहाट वाटून दिला. तावडे माझ्या वाट्याला आले. दारात पिशवी ठेवून दीड मीटर मागे सरकलं की आतून आवाज यायचा, "वहिनी, डोंगर आडवा आलाय!"

डोंगर कोकणातला. त्याच्या पायथ्याशी त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटीच. आईमागे तिनंच यांना वाढवलं. घरी मोबाइलला रेंज नाही, म्हणून दर रविवारी ती डोंगरावरच्या देवळापाशी चढायची आणि भावाशी बोलायची. आता तिचे गुडघे संपावर गेले होते आणि इकडून विमानं बंद.

"आक्का वर येत नाही ना? मग लहर खाली उतरवतो," तावडे म्हणाले.

ऑफिसचं काम संपलं की ते डोंगराला बसायचे. उपग्रहाचा फुकटातला नकाशा घेतला, पलीकडच्या गावातला टॉवर मांडला आणि जाहीर केलं, विहिरीपाशी रेंज मिळेल. शेजारचा सदू देवळापाशी चढून निरोप घ्यायचा, खालून उत्तर रेकॉर्ड करून आणायचा. विहिरीपाशी काही मिळालं नाही. आक्काचं उत्तर आलं, "वाकून वाकून बघितलं. आत पडायची तेवढी राहिले."

तावडे खवळले. "विहिरीभोवती फणस आहेत. उपग्रहानं शेंड्यालाच जमीन समजून आक्काला झाडावर बसवलं!"

मग आवारातल्या झाडांच्या उंच्या मागवल्या. उत्तर आलं, "फणस तीन पुरुष, आंबा चार पुरुष."

तावड्यांनी विचारलं, "एक पुरुष म्हणजे किती?"

"तुझे भावोजी. दुसरा पुरुष मी कशाला मोजू?"

कैलासवासी भावोजी ठेंगणे होते. तावड्यांनी त्यांच्या उंचीनं एकेक झाड वजा केलं. नवी जागा निघाली, गोठ्यामागचा उकिरडा.

"एवढा शिकलास तो मला उकिरड्यावर चढवायला?" आक्का गरजली.

त्या रविवारी मी पिशवी घेऊन गेले तर दार उघडं होतं. फोन स्पीकरवर. "बाबू, उकिरड्यावर उभी आहे रे. जेवलास का?" आवाज खणखणीत. तावडे फोन दोन्ही हातांत धरून उभे. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"बाबू? सदू, काही ऐकू येत नाही रे. याचं गणित पुन्हा चुकलं वाटतं. धर, उतरव मला."

गणित अचूक होतं. मी दारातूनच ओरडले, "आक्का, रेंज आहे! जरा थांबा, उतरू नका!"