औषधाला वास येतो

रुग्णालयाला तारे देणारी समिती दुपारी येणार होती आणि यंदा सुवासाला वेगळे गुण होते. त्यामुळे व्यवस्थापकसाहेबांनी सकाळपासून वॉर्डावॉर्डांत गुलाबाचे फवारे चालू ठेवले होते. नेमका त्याच दिवशी एक शिंपी, दाढदुखीला वैतागून पॅरासिटामॉलच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खाऊन, बायकोसह दाखल झाला. काही माणसांना आजारी पडायचीसुद्धा वेळ कळत नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांच्या विषावर उतारा लिहून दिला. सिस्टरने बाटलीचे झाकण जरासे फिरवले आणि नासक्या अंड्यांचा वास सुटला.

"बंद करा ते!" साहेब धावत आले. "आज दुर्गंधीला मनाई आहे."

"साहेब, औषधच तसं आहे. उशीर झाला तर यांचं लिव्हर जाईल."

"लिव्हर आतल्या आत जातं, सिस्टर. वास बाहेर येतो."

"मग मी यांना फाटकाबाहेर नेऊन पाजते," बायको म्हणाली.

साहेबांना कल्पना आवडली. पण बाहेर जायला डिस्चार्ज हवा, डिस्चार्ज बरे झाल्यावरच मिळतो आणि बऱ्या झालेल्या माणसाला औषध देणे नियमात बसत नाही.

"म्हणजे हे मेले तरच बाहेर जाणार का?" बायको कडाडली.

"त्याची खिडकी वेगळी आहे, ताई," साहेब नम्रपणे म्हणाले.

तेवढ्यात समिती आली. स्वागताला सगळे फवारे एकदम उडाले. अध्यक्षांच्या छातीत जुना कफ होता. त्यांना अशी उबळ आली की डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"कफ घट्ट झालाय, पातळ करायला हवा," डॉक्टर म्हणाले. "सिस्टर, तेच औषध कफावरही चालतं, वाफेच्या यंत्रातून द्या."

सिस्टरने साहेबांकडे पाहिले.

"बघताय काय? उघडा!" साहेब ओरडले. "माणसाच्या जिवापुढे वासाचं काय घेऊन बसलात!"

बाटली उघडलीच होती, तेव्हा सिस्टरने शिंप्यालाही मात्रा दिली. बायकोने त्याचे नाक दाबून धरले. "गिळा मुकाट्याने. गोळ्या खाताना मला विचारलं होतं का?" एवढे बोलून तिला रडूच फुटले.

अध्यक्षांचे नाक पार चोंदले होते. त्यांनी सुवासाला पैकीच्या पैकी गुण दिले. सदस्यांना वास आला होता, पण अध्यक्षांना जो येत नाही तो सदस्यांना कसा येणार? शिंपी वाचला. जीव वाचवण्याला गुण नव्हते.

हसताय? मागच्या खेपेला "किती छान वास येतो इथे" म्हणून आईला तिथेच भरती केलंत, ते तुम्हीच ना?