युक्रेनशेजारची जागा

दिगंबर सरांच्या देवघरात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या शेजारी युक्रेन बसतो. त्याच्या पलीकडं सुदान. सकाळी देवांची आंघोळ झाली की या दोन्ही नाण्यांना गंध लागतं आणि साखरेचा नैवेद्य मिळतो.

सर परभणीतल्या आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मी तिथंच क्लार्क. घरंही एकाच गल्लीत. सरांच्या पत्र्याच्या डब्यात देशोदेशीची नाणी आहेत. जिथं लढाई पेटते, त्या देशाचं नाणं डब्यातून देवघरात येतं. लढाई थांबली की परत डब्यात.

"पाव्हणे हायेत, सुधाकरराव," सर सांगतात. "घरी आग लागलीय. इझली की जातील."

"आणि ज्यानं आग लावली त्याचं नाणं?"

"ते खिडकीत. देवाजवळ घेतलं नाही. पण साखर त्यालाबी देतो. तिथल्या लेकरांनी काय केलंय?"

वहिनी होत्या तोवर यावरून रोज खटके उडायचे. "अहो, देवाला टेकायला तरी जागा ठेवा!" एकदा त्यांनी देवांबरोबर पाव्हण्यांनाही चिंच लावून लख्ख घासलं. "नाण्याचं वय पुसून टाकलंस!" म्हणत सर दोन दिवस जेवले नाहीत.

वहिनी गेल्यावर काही वर्षांनी एक दिवस सर अनवाणीच माझ्या दारात आले. बाल्टिक समुद्राकाठच्या एका देशानं युक्रेनच्या पाठिंब्यासाठी दोन युरोचं नाणं काढलं होतं. तेव्हा सुदान अजून डब्यातच होता.

"आपल्या मराठवाड्याहून लहान देश, सुधाकरराव! आन् दुसऱ्याच्या दुःखाचं नाणं पाडलंय! आमचा युक्रेन लय दिवस एकटा बसलाय, त्याला सोबत पाहिजे. तुमचा भाचा जर्मनीत हाय ना?"

भाच्यानं दिवाळीला येताना ते नाणं आणलं. त्यावर एक मुलगी, तिनं हाताआड पाखरू झाकून धरलेलं. संध्याकाळी सरांना देऊ म्हणून मी ते खिशात टाकलं आणि आम्ही सगळे पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो.

आमच्याकडं दहाचं नाणं दुकानदार घेत नाहीत. "चालत नाही काका, नोट द्या." मग ती घरात साठतात आणि देवाला गेलं की आम्ही ती दानपेटीत टाकून मोकळे होतो. देव नको म्हणत नाही. त्या दिवशीही मी खिशातली मूठ न बघता पेटीत रिकामी केली. दोन युरोचं नाणंही दहाच्या नाण्यासारखंच दुरंगी, जवळपास तेवढंच. पाखरू पेटीत गेल्याचं घरी आल्यावर कळलं. परत पोखर्णीला गेलो, तोवर नाणी बँकेत गेली होती. भाचा म्हणाला, "मामा, मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं ते. आता अवघड आहे."

सरांना खरं सांगायला जीभ रेटली नाही. म्हणालो, "भाचा विसरला, सर. कुणाबरोबर तरी पाठवतो म्हणालाय."

त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याकडं जाऊ लागलो. घरी बसवत नव्हतं. सर पाक झालेला चहा द्यायचे, नकाशा उघडायचे आणि बोट ठेवायचे. "आता इस्तंबूलला असेल. तिथं विमान बदलत्यात." मी मान डोलवायचो. देवघरात युक्रेनशेजारी त्यांनी विड्याचं पान मांडून जागा राखली होती. रविवारी ते पान बदलायचे.

असा पावसाळा आला. एका रविवारी सर वाळलेलं पान उचलायला वाकले आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

"पेटीत? दहाचं समजून?" सरांना हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला.

"नाणं काही यायचं नाही, हे मला होळीच्या आधीच कळलं होतं."

"मग विचारलं का नाही, सर?"

"विचारलं असतं तर तुमी यायचं बंद केलं असतं."

सरांनी वाळलेलं पान उचललं. त्यांनी हळूच विचारलं, "आता बंद करणार का?"

"नाही, सर," म्हणालो. पण घरी येताना आठवत होतो, वहिनी गेल्यापासून त्या दिवाळीपर्यंत, सात घरं पलीकडं राहून, मी त्यांच्याकडं किती वेळा गेलो होतो. एकदाच. तेराव्याला, जेवायला.