बिनलढाईची चमकी

हिऱ्यांच्या पैशावर चालणाऱ्या लढाया थांबवायला जगातले देश एकत्र आले, त्यांनी कायदे केले. पण त्या कायद्यांची खरी कडक अंमलबजावणी वडवणीत, दुपारच्या चहाच्या वेळी झाली.

लग्नात कबूल केलेली नाकातली हिऱ्याची चमकी बिभीषण सरांनी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर एकदाची आणली. विजयमालाबाईंनी डबी उघडली, नवऱ्याकडं पाहिलं आणि डबी मिटली.

“अहो, ह्याला कुणाचं रगत तर न्हाई ना लागलं?”

“काय?”

“तुमीच पोरांना शिकवायचे न्हवं? तिकडं आफ्रिकेत बंडखोर हिरे इकतेत अन् बंदुका घेतेत. असला हिरा मी न्हाई घालायची.”

सरांना राग यायला हवा होता. पण उभ्या नोकरीत त्यांचं राज्यशास्त्र मनावर घेणारं हे पहिलंच माणूस. ते डबी घेऊन तडक बंकट सोनाराकडं गेले.

“बंकटशेठ, ह्या हिऱ्याचं गाव कोणतं?”

“गॅरंटी हाय की सर!”

“ती सोन्याची. कच्च्या हिऱ्याला सरकारी दाखला लागतो. पैलू पाडलेला असला तर विकणाऱ्यानं बिलावर लिहून द्यायचं, की ह्यात लढाईचा संबंध नाही.”

“लढाई कुठं चालू हाय?”

“आफ्रिकेत.”

“मला वाटलं, घरी.” बंकटनं बिलावर लिहिलं, ‘सदर मालात भांडण नाही’, आणि वर शिक्का हाणला.

विजयमालाबाईंनी ते नीट वाचलं. “बंकटशेठ कवा आफ्रिकेला गेलते?”

सर पुन्हा दुकानात. शेवटी बंकटनंच तोड काढली. सुरतेहून कारखान्यात, यंत्रात तयार झालेला हिरा मागवला. खाण नाही, बंडखोर नाही, बंदूक नाही.

विजयमालाबाईंनी नवी चमकी तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिली. हरकत घ्यायला आता जगात जागाच उरली नव्हती.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या नाकाचं भोक बुजलंय. आपली आरोही झाली तवा दवाखान्यात मोरणी काढाय लावली, ती पुन्हा घातलीच न्हाई.”

“मग आधीच का नाही सांगितलं?”

“लई हौसेनं आणलं तुमी. म्हणलं, आफ्रिकेचं नाव काढलं तर परत देतेल, अन् वाईटबी वाटायचं न्हाई.”

इतकी वर्षं ज्या नाकासमोर बसून चहा प्याला, ते सरांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“टोचताना दुखेल का गं?”

“तुमी हात धरा. मंग न्हाई.”

दुसऱ्या दिवशी बंकटनं नाक टोचलं. चमकीला थेंबभर रक्त लागलंच.