दत्तूकाकांना पसंत न पडलेला टॉवर

आमच्या किन्हवलीचे दत्तूकाका गवंडी कॉम्प्युटरच्या दुकानात ओळंबा घेऊन जातात. दोरीचं ते वजन रिकाम्या कॅबिनेटमध्ये सोडतात, एक डोळा मिटतात आणि दुकानदाराला म्हणतात, "भिंत सरळ हाय. पुढचं बोला."

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यात बसतात तो पत्र्याचा डबा. घ्यायचा होता फुल टॉवर, जवळजवळ कमरेएवढा. त्यांची मुलगी सुजाता, माझी मैत्रीण, लोकांची घरं बांधण्याआधी कॉम्प्युटरवर उभी करून दाखवते. पुण्याच्या ऑफिसनं तिला सांगितलं होतं, महिन्याभरात घरी दणकट मशीन बसव, नाहीतर इथं येऊन काम कर. बाकीचे भाग घरी खोक्यांत येऊन पडले होते. अडलं होतं कॅबिनेटवर, कारण आतली बांधणी काका तपासणार होते. जन्मभर घरं बांधलेला माणूस, त्याला अडवणार कोण?

शहापूरच्या दुकानात पहिल्या टॉवरमध्ये त्यांनी मान घातली. "माजघर ऐसपैस हाय. पन वारा कुठून येनार? तोंडावरच काच मारलीय." दुसऱ्यात उदबत्ती धरली. धूर आतच घुटमळला. "बगा. हितं चूल पेटवली तर घरचे खोकून मरतील." तिसऱ्यात काही सापडेना, तेव्हा म्हणाले, "वायरी न्यायला भिंतीमागं बोळ हाय, पन माझा अंगठा जात नाय."

"काका, तिथं अंगठा नाय घालायचा," दुकानदार म्हणाला.

"मंग दुरुस्ती काय फुंकर मारून करनार?"

मी मुलींच्या नोकरीच्या हक्काची पत्रकं वाटते. मला हा सरळ सरळ अन्याय दिसत होता. मुदतीला चार दिवस उरले. सुजाता चौथा टॉवर काढायला सांगत होती, तेवढ्यात मी काकांना दुकानाच्या पायरीवर गाठलं आणि तोंडावर सांगितलं, "तुमच्या या नखऱ्यांपायी तिचं घरून काम करणं हुकणार. पोरीच्या वाटेत आडवे पडताय तुम्ही."

"पडतोय खरा," काका म्हणाले. "तिची आई गेली तवापासून माझ्या भाकरीसाठी थांबलीय ती. मशीन बसलं की ती बी हितंच बसली. तिकडं तिच्या वयाची पोरं हायत, शिकवनारी मानसं हायत. आमच्या घरात काय, मी आनि रेडिओ."

"मग तिला तसं सांगा. ठरवू दे तिला."

"सांगितलं गो, दोनदा. म्हनते, बाबा, तुमाला सोडून नाय जानार."

माझ्या एकाही पत्रकात यावर ओळ नव्हती.

आतून सुजाताची हाक आली. चौथा टॉवर समोरून जाळीचा होता, गरम वाऱ्याला वरून वाट होती, वायरींना मोकळी जागा होती. काकांनी आतून हात फिरवला. ताज्या गिलाव्यावरून फिरवावा तसा, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून.

"काय बांधलाय गो," ते माझ्या कानाशी पुटपुटले.

"बाबा, कसाय?" सुजातानं विचारलं.

काकांनी बाजूचा पत्रा परत बसवला. स्क्रू बोटांनीच घट्ट केले, एकेक करून.

"पसंत नाय," ते म्हणाले. "तू पुन्याची तयारी कर."