बदलीआधीची उपकारस्तुती

सॅम्युअल वानखडेशी भांडता येत नाही, हा माझा त्याच्यावरचा मुख्य राग आहे. तुम्ही आवाज चढवला की तो हात जोडतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "एक मिनिट भाऊ, प्रभूशी बोलून घेतो." आता डोळे मिटलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची? भंगाराच्या धंद्यात मी शून्यातून वर आलो, रायपुरातल्या भल्याभल्यांना नमवलं. पण या माणसापुढे दरवेळी नुसता उभा राहतो.

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्याच्या गेटवर तो भंगाराच्या गाड्या तपासतो. माती जास्त दिसली की गाडी परत. माझी कितीदा तरी केली. माझ्या मालात माती नसते. असलीच तर रस्त्याची असते, आणि सिलतऱ्याचा रस्ता काही मी बांधलेला नाही. हे मी त्याला ओरडून सांगितलं, तर हा मोठ्यानं प्रार्थना करायला लागला. "हे प्रभू, भाऊंचा राग शांत कर, त्यांच्या ड्रायव्हरले सुखरूप घरी ने, आन् मले नाही म्हणायचं बळ दे."

"आमेन," ड्रायव्हर म्हणाला. माझा ड्रायव्हर!

खरं तर दारावर चाळण्या विकायला आलेल्या बाईलाही सॅम्युअलला नाही म्हणता येत नाही. घरात चाळण्यांचा ढीग आहे. आणि नोकरी मिळाली ती दिवसभर नाही म्हणण्याची. गाडी परत झाली की ड्रायव्हर आईबहिणीवरून सुरू होतात.

"सकाळी कंपनीची बस दिसली का परत घरात जावंसं वाटते," एकदा चहा पिताना तो म्हणाला.

"मग सोडून काहून देत नाही?"

"प्रभूनं बसवलं ना इथं. तो उठवन तवा उठीन."

त्याला स्टोअरमध्ये जायचं होतं. नटबोल्ट शिव्या देत नाहीत, म्हणायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं कारखान्याच्या साहेबांकडे बदली मागितली. लगेच माझ्या मोबाइलवर निमंत्रण: शनिवारी संध्याकाळी घरी उपकारस्तुती. त्यांच्यात काही चांगलं घडलं की चर्चच्या पाळकांना घरी बोलावून देवाचे आभार मानतात, ती उपकारस्तुती. मी फोन लावला.

"झाली का बदली?"

"होऊन राहिली."

"म्हणजे झाली नाही."

"मागतानाच आभार मानून टाकायचे, भाऊ. विश्वास म्हणतात त्याले."

"आमच्या धंद्यात येडेपणा म्हणतात."

"हव," तो हसला. "पण जेवाले या."

शनिवारी दुपारी, माझी गाडी पुन्हा परत आल्यावर, मी थेट साहेबांच्या खोलीत शिरलो. "साहब, इस आदमी को गेट से हटाओ."

साहेब हसले. "कैसे हटाऊँ, सेठ? पहले गेट पर रोज मारपीट होती थी. ये आया तब से, कोई गाली दे तो हाथ जोड़ लेता है, एक झगड़ा नहीं. स्टोर माँग रहा था, आज ही मना किया."

ज्या प्रार्थनेच्या जोरावर हा माणूस ती नोकरी सोसत होता, तिनंच त्याला तिथे खिळवून टाकलं होतं.

उपकारस्तुती रद्द झाली असेल, तरी दोन शब्द सुनावावेत म्हणून संध्याकाळी मी बूढापारा मोहल्ल्यात त्याच्या घरी गेलो. दारात चपलाच चपला. आत गाणं चाललेलं. सॅम्युअल पांढऱ्याशुभ्र शर्टात. गेटवर काळी धूळ उडते, तिथे पांढरं कोणी घालत नाही. पाळकांनी नव्या जागेबद्दल प्रभूचे आभार मानले. चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. तो "हव, हव" करत पुऱ्या वाढत होता.

माझ्या ताटाशी आला तेव्हा मी म्हणालो, "अरे, साहेबांनी तर..."

"हळू, भाऊ." त्यानं बायकोकडे पाहिलं. "रूथले माहीत नाही. शर्ट तिनं आणला, स्टोअरसाठी. किती दिवसांनी हसून राहिली."

"आन् सोमवारी?"

"हाच घालून निघीन. गेटवर बदलीन."

आणि पुढच्या ताटात पुरी वाढायला गेला. मला भयंकर राग आला होता, आणि समोर घासाघीस करायला कोणी नव्हतं.

सोमवारी मी गाडीबरोबर स्वतः गेलो. तो जुन्या मळक्या शर्टात होता. पांढरा गेटच्या केबिनमध्ये खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यानं माल पाहिला आणि मान हलवली. परत.

साहेबांची खिडकी गेटच्या बरोबर वर आहे. गेटवर झगडा होत नाही काय! मग आज होऊ दे, साहेबांना दिसू दे. मी बॉनेटवर हात आपटले, सॅम्युअलच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं प्रार्थना सुरू केली. मी तिच्यावर आवाज चढवला. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून पाहायला लागले.

"काय होऊन राहिलं तुम्हाले आज?" तो घाबरून म्हणाला. "बीपी वाढन ना, भाऊ!"

मी थांबलो नाही. घसा पार बसला तेव्हा त्यानं स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. वर साहेबांची खिडकी एसीसाठी बंद होती. ती उघडलीच नाही.